दैत्यवध आणि दैत्यमृगया : मुक्त-विश्व खेळांतील युद्धाचा रसदृष्ट्या विचार

ध्वन्यालोकाच्या तिसऱ्या उद्द्योतात प्रबंधगत रसाचा विचार करताना आनंदवर्धनाने कवीला एक मोठे स्वातंत्र्य दिले आहे. परंपरेने हाती आलेल्या कथेतील एखादा प्रसंग रसाला प्रतिकूल असेल, तर तो टाकून कवीने रसानुकूल असा दुसरा प्रसंग कल्पावा. केवळ इतिवृत्त सांगून जाणे हे कवीचे प्रयोजन नव्हे. ते काम इतिहासाने भागतेच. या मताच्या पुष्टीसाठी त्याने कालिदासाचे प्रबंध, स्वतःचे अर्जुनचरित आणि सर्वसेनाचे हरिविजय यांचा उल्लेख केला आहे. यांतील हरिविजय हे प्राकृत महाकाव्य आज लुप्त आहे. त्याचे जे काही आपल्या हाती लागते, ते अलंकारशास्त्राच्या ग्रंथांनी जतन केलेल्या अवतरणांतून. त्याचा कर्ता वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेचा संस्थापक राजा सर्वसेन होय, असे म. म. वा. वि. मिराशी यांनी प्रतिपादिले असून ते सामान्यतः मान्य झाले आहे. वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशीम. राजशेखराने काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह याच नगरात लावून दिला आणि कर्पूरमंजरीच्या आरंभी याच नगराच्या नावाने ओळखली जाणारी वच्छोमी रीती सांगितली, हे अभ्यासकांस ठाऊक आहेच.

हरिविजयाच्या कथेत कृष्ण इंद्राला जिंकून पारिजात आणतो. अभिनवगुप्ताने या स्थळी जे स्पष्टीकरण दिले आहे ते मार्मिक आहे. रुसलेल्या कांतेचे मन वळविणे हे येथे प्रधान असून पारिजातहरण त्याचे अंग म्हणून योजिले आहे. इतिहासात ते तसे नसले तरी कवीने तसे केले. म्हणजे शीर्षकात 'विजय' असलेल्या काव्यात विजय हा दुय्यम आहे. युद्ध कशासाठी, या प्रश्नाचे उत्तर युद्धाबाहेर ठेवून मगच कवी शस्त्रे उचलतो. वाशीमच्या या राजकवीची ही एक गोष्ट ध्यानात ठेवून प्रस्तुत लेखात एका अगदी अर्वाचीन कलाप्रकाराकडे पाहावयाचे आहे.

हा कलाप्रकार म्हणजे मुक्त-विश्व पद्धतीचे, अद्भुत कथेवर आधारलेले क्रियाप्रधान भूमिकाखेळ. इंग्रजीत त्यांना 'ओपन-वर्ल्ड ॲक्शन आरपीजी' म्हणतात. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या कक्षेतील कोणत्याही महाविद्यालयात, मग ते वाशीमचे असो वा रिसोडचे, आज एम. ए.च्या वर्गात बसणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी काहींनी कादंबरीहून अधिक तास या खेळांत घालविले असण्याचा संभव आहे. आणि त्यांच्याविषयी बोलावयाचे तर मराठीत दोनच सूर ऐकू येतात. एक नैतिक चिंतेचा, दुसरा जाहिरातीचा. समीक्षेचा सूर नाही. आपल्याकडे त्यासाठी परिभाषा नाही, असे जे म्हटले जाते ते मात्र खरे नाही. परिभाषा आहे, आणि ती पुष्कळ धारदार आहे.

अपरिचित वाचकासाठी या खेळांचे स्वरूप थोडक्यात सांगणे अवश्य आहे. खेळाडूला एक विस्तीर्ण प्रदेश दिलेला असतो. त्यात अरण्ये, गावे, पडक्या गढ्या, गुहा असतात आणि तो आपल्या इच्छेने कोठेही जाऊ शकतो. एक मुख्य कथा असते, शेकडो उपकथा असतात. वाटेत राक्षस, पिशाचे, अजस्र पशू भेटतात. त्यांच्याशी लढून पात्राचे सामर्थ्य वाढते. बेथेस्डाचा 'स्कायरिम' (२०११), पोलंडमधील सीडी प्रोजेक्ट रेड या संस्थेचा 'द विचर ३ : वाइल्ड हंट' (२०१५), जपानी फ्रॉमसॉफ्टवेअरचा 'एल्डन रिंग' (२०२२) ही या वर्गातील प्रातिनिधिक नावे. कॅपकॉमच्या 'मॉन्स्टर हंटर' मालेत (२००४ पासून) तर शिकार हाच सर्व व्यवहार आहे. प्राणी मारावा, त्याच्या हाडाकातड्याचे शस्त्र करावे, त्या शस्त्राने त्याहून मोठा प्राणी मारावा. हे चक्र फार कुशलतेने बांधलेले आहे. परंतु त्यात सर्वसेनाला सापडलेला पारिजात नाही, म्हणून त्याविषयी अधिक लिहिण्याचे कारण दिसत नाही.

पहिला प्रश्न असा की, या खेळांतील युद्धातून रसप्रतीती संभवते काय? नाट्यात नट वेगळा आणि सहृदय प्रेक्षक वेगळा. येथे तलवार चालविणारा आणि ती पाहणारा एकच आहे. अभिनवगुप्ताने अभिनवभारतीत जी सात रसविघ्ने सांगितली आहेत, त्यांतील एक 'निजसुखादिविवशीभाव' हे आहे. प्रेक्षक स्वतःच्याच सुखदुःखात गुंतलेला असेल तर त्याची संवित् दुसऱ्या वस्तूवर विश्रांत होऊ शकत नाही. या विघ्नाच्या निवारणासाठी नाट्यात गीत, वाद्य, शोभिवंत मंडप इत्यादींची योजना आहे. 'एल्डन रिंग'मध्ये खेळाडूचे पात्र मेले म्हणजे त्याने जमविलेले सर्व 'रून' त्या जागी पडून राहतात. तेथपर्यंत पुन्हा पोहोचण्यापूर्वी तो पुन्हा मेला तर ते कायमचे नष्ट होतात. अशा वेळी राक्षस समोर आल्यावर खेळाडूला जी धडकी भरते, तिला भयानक रस म्हणणे धाडसाचे होईल. ती त्याची स्वतःची, लौकिक, जवळजवळ सावकारी भीती आहे. दोन तासांची कमाई बुडेल, हे तिचे कारण.

परंतु येथेच थांबणे हा अन्याय ठरेल. एकाच प्रतिपक्ष्याकडून वीस वेळा मार खाल्लेल्या खेळाडूला हळूहळू एक निराळाच अनुभव येऊ लागतो. त्या दैत्याचा कोणता हात केव्हा उठतो, कोणत्या हुलकावणीनंतर खरा वार येतो, हे त्याला कळू लागते. भीती झिजत जाते, आणि ज्या हालचालींनी त्याला आधी गोंधळविले त्यांचा आकार त्याला दिसू लागतो. भरताने वीराच्या विभावांत असंमोह आणि अध्यवसाय यांना स्थान दिले आहे. संमोह जाऊन अध्यवसाय उरतो ती अवस्था या खेळांत खरोखरच येते, आणि ती केवळ पुनरावृत्तीमुळेच येते. ज्या पुनरावृत्तीबद्दल या खेळांना नेहमी दोष दिला जातो, ती प्रथम विघ्नाचे निवारण करते. गीतवाद्याचे काम येथे पराभव करतो, असे म्हटले तरी चालेल. मर्ढेकरांच्या सौंदर्यविचाराशी परिचित असलेला वाचक येथे लयीचा मुद्दा काढील. तो रास्त आहे, कारण अशा द्वंद्वात वार आणि माघार यांचा संवाद-विरोध साधला गेला की आस्वाद जवळजवळ शुद्ध लयीचा होतो. केवळ लयीने वीर सिद्ध होत नाही, एवढेच म्हणावयाचे.

दोष उत्पन्न होतो तो दुसरीकडे. रसाला विरोधी अशा गोष्टींच्या यादीत आनंदवर्धनाने परिपोषास पोहोचलेल्या रसाचे पुन्हा पुन्हा उद्दीपन, अकांडी म्हणजे अस्थानी विच्छेद, आणि अस्थानी प्रकाशन यांचा समावेश केला आहे. मम्मटाने या दोषांना उदाहरणे दिली. महावीरचरिताच्या दुसऱ्या अंकात राम आणि परशुराम यांचा वीररस अगदी धारेवर चढलेला असताना राम कंकणमोचनासाठी जाण्याची गोष्ट काढतो, हा अकांडी छेद. वेणीसंहाराच्या दुसऱ्या अंकात एवढे वीर पडत असताना दुर्योधन भानुमतीशी शृंगार करीत बसतो, हे अकांडी प्रथन. आता 'द विचर ३'ची मुख्य कथा पाहा. नायक गेराल्ट ज्या मुलीला आपल्या लेकीसारखी मानतो, त्या सिरीच्या मागे घातक शत्रू लागले आहेत; तिला त्यांच्याआधी गाठणे हे त्याच्यापुढील एकमेव काम. आणि प्रत्यक्षात खेळाडू काय करतो? तो खेड्यातल्या सूचनाफलकावरचे कागद वाचतो, विहिरीतले भूत हुसकावून बिदागी घेतो, खानावळीत 'ग्वेंट' नावाच्या पत्त्यांचे डाव टाकतो. सिरी वाट पाहते. 'स्कायरिम'मध्ये जगाचा ग्रास करावयास निघालेला आल्दुइन नावाचा महासर्प तर खेळाडू घर बांधून, संसार थाटून परत येईपर्यंत निमूट थांबून राहतो. भवभूतीचा राम निदान एका वाक्यात निघून जातो. येथे कंकणमोचनाला शंभर तास लागतात!

यावर नेहमीचे उत्तर असे की, खेळाडूचे स्वातंत्र्य हाच या प्रकाराचा प्राण आहे. कथेच्या निकडीसाठी ते आवळले तर मुक्त विश्व उरणार नाही. हे उत्तर मला अपुरे वाटते. आनंदवर्धनाने स्वातंत्र्य आणि रस यांत निवड करावयास सांगितले नव्हते; कथा बदलण्यास सांगितले होते. निनतेंदोच्या 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' (२०१७) या खेळाच्या रचनाकारांनी नेमके हे केले. तेथे नायक शंभर वर्षांच्या निद्रेतून उठतो आणि राजकन्या झेल्डा तेवढा सर्व काळ गॅनन या अरिष्टाला किल्ल्यात रोधून धरते आहे. नायक दुर्बल आहे, स्मृतिभ्रष्ट आहे. त्याने भटकून बळ आणि स्मरण मिळवावे, हीच कथेची मागणी आहे. म्हणून त्याचे डोंगर चढणे आणि रानात शिकार करणे हे छेद न होता अंग होते. इतिवृत्ताची मांडणीच अशी केली की भटकंती औचित्याला धरून राहिली. हा खेळ काटेकोर अर्थाने भूमिकाखेळ म्हणावा की नाही, याविषयी मतभेद आहेत. आपल्या मुद्द्याला त्याने बाध येत नाही.

आता शिकारीकडे वळू. संस्कृत साहित्यात मृगया हे राजाचे भूषण नाही, ते व्यसन आहे. मनुस्मृतीने कामज व्यसनांत तिची गणना केली आहे. शाकुंतलाच्या दुसऱ्या अंकात सेनापती मृगयेचे गुण गातो तेव्हा विदूषक त्याच्यावर उखडतो, आणि प्रेक्षकाची सहानुभूती विदूषकाकडे असते. परंतु कवींनी मृगयेचा उपयोग मोठ्या खुबीने केला. दुष्यंत हरिणामागे धावतो आणि आश्रमात शिरतो. दशरथ शब्दवेधी बाण सोडतो आणि एका अंध दांपत्याचा आधार तोडतो. पांडू हरिणाच्या जोडीवर बाण टाकतो आणि ते हरीण ऋषी निघते. शिकार ही नेहमी दुसऱ्या कशात तरी जाण्याची वाट आहे. शिकाऱ्याला जे मिळते ते तो शोधीत नव्हताच.

'द विचर ३' या खेळाचे महत्त्व मला येथे दिसते, आणि वर त्याच्यावर ठेवलेला दोष त्यामुळे पुष्कळ हलका होतो. आंद्झेय सापकोव्स्की यांच्या १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या विचर-कथेतच दैत्य मारण्याऐवजी शापमुक्त केला जातो. राजाची राक्षसी झालेली कन्या पुन्हा माणसात येते. खेळाने हे सूत्र उचलले आहे. शिकारीपूर्वी गेराल्ट माग काढतो, प्रेताच्या जखमा पाहतो, गावकऱ्यांना प्रश्न विचारतो, आणि सावज कोणते हे ओळखल्यावर त्याप्रमाणे तेल आणि काढे सिद्ध करतो. माग माणसांच्या घरात जाऊन पोहोचतो. वेलेन प्रांतातील 'ब्लडी बॅरन'च्या उपकथेत एक 'बॉचलिंग' आहे. अकाली, मृत जन्मलेले, नाव न ठेवता आणि विधी न करता पुरलेले मूल असे पिशाच होऊन उठते. खेळाडूने त्याच्याशी लढून त्याला मारावे. किंवा ज्याच्या हातून त्या घराचा नाश झाला त्या दारुड्या बापाने ते पिशाच स्वतःच्या हातांवर घेऊन घराच्या उंबरठ्यापर्यंत चालत जावे, त्याला नाव द्यावे आणि उंबऱ्याशी पुरावे. दुसरा मार्ग घेतला तर खेळाडूचे काम एवढेच उरते की, वाटेत येणारी भुते रोखावी आणि ते अर्भक खवळले की त्याला शांत करावे. या खेळात शेकडो लढाया आहेत. पण मनात राहतो तो हा प्रसंग, कारण तेथे तलवार पारिजाताची, म्हणजे प्रधान वस्तूची, अंग झालेली आहे. बिभत्स, भयानक आणि करुण यांची येथे जी सांगड आहे, ती नाव देण्याच्या एका कृतीत विश्रांत होते. नामकरण आणि उंबरठा यांचा अर्थ आपल्या वाचकाला वेगळा समजावून सांगावा लागू नये.

पुनःपुन्हा उद्दीपनाचा दोष याच संदर्भात तपासला पाहिजे. आपल्या जुन्या वाङ्मयात 'वध' या शब्दाने शेवट होणारी काव्यनामे पुष्कळ आहेत. प्रवरसेनाच्या सेतुबंधालाच 'रावणवहो' असे दुसरे नाव आहे. वध एकदाच होतो. त्याच्या आधीचे जग आणि नंतरचे जग एक नसते. मुक्त-विश्व खेळांतील बहुतेक दैत्य मात्र मारले की जमिनीत विरून जातात आणि काही काळाने त्याच जागी पुन्हा उभे राहतात. 'एल्डन रिंग'मध्ये खेळाडूने विश्रांती घेतली की सामान्य शत्रू सर्व पुन्हा जिवंत होतात. मोठे अधिपती तेवढे मेलेले राहतात. हा भेद रचनाकारांच्या जाणिवेची साक्ष देतो. वध आणि कवाईत यांत अंतर आहे, हे त्यांना ठाऊक आहे.

वध म्हणजे काय, हे वाशीमच्या शेजारीच, बुलढाणा जिल्ह्यातील लोणार येथे पाहावयास मिळते. बेसाल्ट खडकात अशनीच्या आघाताने झालेले हे विवर भूवैज्ञानिकांत जगप्रसिद्ध आहे. स्थळकथा अशी की, लवणासुर भूमीखाली दडून राहिला होता. विष्णूने पायाच्या अंगठ्याने त्याच्या विवराचे झाकण उडविले आणि त्याला मारिले. सरोवराचे खारे पाणी म्हणजे त्याचे रक्त. गावातील दैत्यसूदनाचे मंदिर या कथेचीच मूर्ती आहे. येथे दैत्य मेला, पण नाहीसा झाला नाही. तो स्थळ झाला. गावाच्या नावात, पाण्याच्या चवीत तो आहे. खंडोबाच्या कथेतही हेच. मणी शरण येऊन देवाजवळ स्थान मिळवितो, आणि 'मल्लारि' या नामात मल्ल कायमचा गुंफला जातो. त्याचे नाव घेतल्याशिवाय त्याला मारणाऱ्याचे नाव घेताच येत नाही. म्हसोबा आणि महिषासुर यांचा संबंध दा. ध. कोसंबी यांनी 'मिथ अँड रिॲलिटी' (१९६२) या ग्रंथात दाखविला. एका देवळात ज्याला देवी मारते, तोच शेताच्या बांधावर शेंदूर लावून पुजला जातो. आणि जोतीराव फुले यांनी 'गुलामगिरी'त (१८७३) वामनाची कथा बळीच्या बाजूने वाचली, तेव्हापासून 'दैत्य' हा शब्द आपल्या भाषेत निर्वेध उरलेला नाही. कोण कोणाला दैत्य म्हणतो, हा प्रश्न मराठी वाचकाला परका नाही, आणि दैत्य मारण्याचे खेळ तपासताना तो त्याने घरी ठेवून येऊ नये.

या कसोटीवर फुमितो उएदा यांचा 'शॅडो ऑफ द कोलोसस' (२००५) हा खेळ विलक्षण ठरतो. तो भूमिकाखेळ नाही, शास्त्राच्या दृष्टीने सीमेवरचा आहे. पण येथे त्याच्यावाचून पुढे जाता येत नाही. विस्तीर्ण ओसाड प्रदेश, एक तरुण, एक घोडा, आणि सोळा महाकाय प्राणी. अन्य शत्रू नाहीत. मृत कन्येला परत आणण्यासाठी तो त्यांना एकेक करून मारतो. बहुतेक प्राणी आपण होऊन त्याच्या वाटेला गेलेले नसतात. प्रत्येक वधानंतर त्यांच्या देहातून निघालेले काळे धागे तरुणाच्या अंगात शिरतात आणि तो उत्तरोत्तर मलिन होत जातो. सोळा वेळा तेच घडते. परंतु उद्दीपन वीराचे होत नाही, प्रत्येक वेळी वीर थोडा ओसरतो आणि करुण चढतो. पुनरावृत्ती येथे दोष नाही, कारण वध प्रत्येक वेळी लागू पडतो. 'द विचर ३'मध्येही याची एक लहानशी खूण आहे. काही ओस पडलेल्या वस्त्यांतील राक्षस घालविले की तेथे लोक परत येऊन राहू लागतात, चुली पेटतात. एवढीशी गोष्ट, पण ती झाल्यावर त्या जागेवरून पुन्हा जाताना खेळाडू वेग कमी करतो.

राहता राहिला आपल्याकडील प्रयत्न. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने २०२० साली 'राजी : ॲन एन्शंट एपिक' हा खेळ प्रसिद्ध केला. तो मुक्त-विश्व नाही. प्रसंग ठरलेल्या वाटेने येतात. राजी ही डोंबाऱ्याच्या कसरतीत वाढलेली मुलगी दैत्यांनी पळविलेल्या धाकट्या भावाला शोधते. भावाचा शोध हे प्रधान आणि युद्ध हे अंग, ही मांडणी सर्वसेनाला मान्य झाली असती. तिची लवचीक, खांबाभोवती गिरकी घेऊन वार करणारी युद्धशैली या भूमीतली आहे, आणि तो या खेळाचा मोठा गुण मानला पाहिजे. दोष आहे तो भिंतींवर. ठिकठिकाणच्या चित्रांपाशी राजी थांबते आणि दुर्गा व विष्णू यांच्या वधकथा आपणांस ऐकविल्या जातात. चित्रे सुंदर आहेत, कथाही आपल्याच आहेत. परंतु चित्रातला महिषासुर आणि पुढच्या चौकात मंत्रचक्रातून उगवणारे दैत्य यांचा एकमेकांशी काही संबंध जडत नाही. चित्रातल्याला नाव आहे, कथा आहे, मरण आहे. चौकातल्याला यांपैकी काही नाही, म्हणून राजी त्यांना मारून पुढे जाते तेव्हा मागे काही राहत नाही. लोणारचे पाणी खारे का आहे हे ज्यांना लहानपणी सांगितले गेले आहे, त्यांच्याकडून खेळांची पुढची पिढी घडत असेल, तर तिच्या रचनाकारांनी ती चित्रे भिंतीवरून उतरवून चौकात आणावीत.